लिलाबाईचा तिसरा स्क्रू

एसटीत भिकन आबांच्या शेजारी कुणी बसला, की पहिल्या थांब्यापर्यंत त्याला आबांची नोकरी कळते आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत आबांची नात. तिसरा थांबा यायच्या आत उतरला तर ठीक, नाहीतर मांडीचं हाड खुब्यात कसं बसतं आणि मोडलं तर स्क्रू किती नि कसे मारायचे, हेही ऐकूनच त्याला उतरावं लागतं.

नोकरी रेल्वेतली. चौतीस वर्षं आबा चावीवाले होते. खांद्यावर हातोडा, हातात पाना, बगलेत बावटा. रोज सकाळी पाचोऱ्याच्या बाजूला आपल्या वाट्याचा सहा किलोमीटर रूळ चालायचा आणि रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून पाहायची. ढिली लागली की घट्ट करायची. शाळा सातवीपर्यंत, तीही गावातलीच. पण आबा म्हणतात, "मना चावीवरथीन निम्मा हिंदुस्थान गया, कोणी पडना नही." म्हणजे माझ्या चावीवरून निम्मा देश गेला, कुणी पडलं नाही.

नात म्हणजे समीक्षा, मुलाची मुलगी. बापाचं, आकाशचं, काम एसटीच्या वर्कशॉपात. त्यामुळे घरात पाने-पकडी तांब्या-भांड्यांसारख्या पडलेल्या. समीक्षा अकरा वर्षांची असताना गावात लोखंडी अँगलच्या मांडवावर पाण्याची काळी टाकी बसवली. ही पोरगी खाली उभी राहून म्हणाली, "हलतेय. तिरप्या पट्ट्या मारा." सरपंच हसले आणि म्हणाले, भिकनभाऊ, तुमची नात इंजिनिअर दिसते. वैशाखात वावटळ आली आणि टाकी मांडवासकट गावदरीच्या शेणखतावर जाऊन बसली. खत होतं म्हणून टाकी वाचली. नव्या मांडवाला तिरप्या पट्ट्या लागल्या. सरपंचांनी ही कल्पना आपली म्हणून ग्रामसभेत सांगितली, पण आबांनी ती सरपंचांची म्हणून एकदाही कुणाला सांगितलेली नाही.

पुढे ती खरंच इंजिनिअर झाली. जळगावच्या कॉलेजात यंत्रांचं शिकली, एम. टेक. झाली, आणि आता डॉक्टरेट करते. घरातली, भावकीतली आणि आबांच्या हिशेबाने पाचोरा ते चाळीसगाव या पट्ट्यातली पहिली. लोक विचारतात, कशाची डॉक्टर? इथे आबांचा आवाज थोडा चढतो. "हाडाच्या डॉक्टरांची डॉक्टर."

हे तिच्या डोक्यात आलं ते आजीमुळे. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चात लिलाबाई मोरीत घसरली आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. मान म्हणजे खुब्यात फिरणारा गोळा आणि खालचं लांब हाड यांना जोडणारा तिरपा दांडा. जळगावला नेलं. डॉक्टरांनी आधी स्कॅन काढला, मग तीन स्क्रू घातले, एकमेकांना समांतर. एक खाली, दोन वर, आणि त्या वरच्या दोघांतला एक पुढे, एक मागे. घरी पाठवताना बजावून सांगितलं: तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच नाही. दोन महिने सगळं सुरळीत होतं. आणि मग एक दिवस दुखणं उठलं. एक्स-रे काढला तर मागचा, तिसरा स्क्रू बाहेर सरकलेला आणि गोळा मागच्या अंगाला कललेला. दुसरं ऑपरेशन झालं, गोळा काढून लोखंडाचा बसवला. लिलाबाई आता काठी घेऊन चालते, तोंड पहिल्यासारखंच चालतं.

गावानं निकाल लावून टाकला: डॉक्टरचा हात चांगला नाही. पेशंट घेऊन कुणी निघालं की पारावरून हाक यायची, "त्या डाक्टरकडे नका जाऊ हो, भिकन आबाच्या घरची तऱ्हा पाहिली ना."

समीक्षा मात्र दोन्ही एक्स-रे आणि तो स्कॅन घेऊन कॉलेजात गेली.

ती काय करते, हे तिनं आबांना अंगणातल्या बाजेवर बसून लॅपटॉपवर दाखवलं. स्कॅनमधून आजीचं हाड जसंच्या तसं कॉम्प्युटरात उभं केलेलं. त्याचे साडेतीन लाख बारीक तुकडे पाडलेले. मग वरून माणसाचं वजन टाकायचं आणि एकेका तुकड्याला विचारायचं, बाबा तुला किती ताण पडतोय? उत्तर रंगात मिळतं. निळा म्हणजे तुकडा निवांत, हिरवा म्हणजे काम करतोय, लाल म्हणजे त्याचा जीव चाललाय. त्याच मोडक्या हाडात ती तीन तऱ्हांनी स्क्रू घालून बघत होती. एक, आजीला घातले तसे तीन समांतर. दोन, त्यातला एक स्क्रू खूप तिरपा, मानेच्या खालच्या जाड हाडावर पाठ टेकवून. तीन, बाहेरून पट्टी आणि आत एकच जाड स्क्रू.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एका एका चावीले इचारस तू. मी बी तेच करू. फक्त मना चाव्या साडेतीन लाख नव्हत्या."

त्यांच्या छातीत त्या दिवशी जे भरून आलं ते पुढे पाचोरा-जळगाव गाडीतल्या पुष्कळ लोकांना ऐकावं लागलं.

अडलं ते यंदाच्या डिसेंबरात. धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांची सभा भरणार होती आणि समीक्षाला तिथं आपलं काम मांडायचं होतं. तिचे मार्गदर्शक ईश्वर महाजन सर यांनी सांगून ठेवलं होतं की धुळ्याला डॉक्टरांनी मान डोलावली तरच प्रबंध पुढे पाठवायचा. आणि तिचं गणित जमेना. कॉम्प्युटरातली आजी उभी राहत होती, चालत होती, पायरी चढत होती, आणि तीन समांतर स्क्रू काही हलत नव्हते. सगळं हिरवं. खऱ्या आजीचा स्क्रू मात्र सरकला होता.

महाजन सर तिला म्हणाले, "समीक्षा, एक तर मॉडेल चुकलंय, नाहीतर हा पेशंट वगळ. धुळ्याला पहिला प्रश्न हाच येईल."

"सर, स्क्रू घालण्याआधीचं हाड आणि स्क्रू सरकल्यानंतरचं हाड, दोन्ही माझ्याकडे एकाच माणसाचं आहे. ते वगळलं तर उरलेलं सगळं मनानं काढलेलं चित्र."

"मग बारा दिवसांत कारण शोध. नाही सापडलं तर नाव मागे घेऊ आणि मॉडेल पुन्हा पहिल्यापासून. वर्ष जाईल."

रविवारी ती घरी आली. आईनं, वृषालीनं, तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. पोरगी अर्ध्या भाकरीवर उठली आणि आजीजवळ जाऊन बसली.

"आजी, त्या मे महिन्यात पडली होतीस का पुन्हा?"

"नही व माय."

"पाय मुरगळला? जड उचललं? पायरी चुकली?"

"काहीच नही. खाटवर पडेल ऱ्हाऊ, तुनी माय जेवाले दे, मी खाऊ."

"आठवून सांग."

"आठवाले काय, मी काय बुढी व्हयनू का?"

आबा समोर बाजेवर होते. ते वर पत्र्याकडे बघायला लागले. पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

कारण आबांना माहीत होतं. जगात दोघांनाच माहीत होतं.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते. पोरांनी लिलाबाईसाठी भिंतीला लावून खुर्ची ठेवली. लिलाबाई दारात थांबली. समोर बुद्धाची मूर्ती, पुढे सतरंजीवर साऱ्या बाया हात जोडून खाली बसलेल्या. ती आबांच्या कानाशी म्हणाली, "बठ्ठ्या बाया खाले बसेल शेतस, अन मी एकली खुर्चीवर? बुद्धना सामने?" आबा म्हणाले, डॉक्टरनं बसू नको सांगितलंय. ती म्हणाली, डॉक्टरनं मोरीत बसू नको सांगितलंय, विहारात नको असं कुठे सांगितलंय? वृषाली मागे खिरीच्या पातेल्याशी होती, आकाश ड्युटीवर. आबांनी तिचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं. पंचशील झालं, वंदना झाली, पाहुण्यांचं भाषण झालं, तेही पाऊण तास. उठताना तिनं आबांचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. "काय व्हयनं?" "काही नही. घर चला."

घरी कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी न बोलताच ठरवलं. आधी सुनेच्या भीतीनं, तिनं दोन महिने रात्रंदिवस केलं होतं. नंतर दुसरं ऑपरेशन झालं आणि सांगायची लाज वाटू लागली. पुढे गाव डॉक्टरला नावं ठेवू लागलं, तेव्हा तर तोंड उघडण्याची वेळच निघून गेली.

सोमवारी पहाटे आबा उठले ते रुळाच्या कडेनं चालत बरेच लांब गेले. त्यांना त्यांचे जुने मुकादम झुलालभाऊ आठवले. एकदा एका नव्या चावीवाल्यानं थंडीमुळे रूळ न चालताच 'सर्व ठीक' अशी नोंद केली होती. झुलालभाऊंनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. ती नोंद घेऊन त्याला त्याच रुळावर सहा किलोमीटर चालवलं, प्रत्येक ढिल्या चावीपाशी थांबवून ती नोंद मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाले, रूळ खोटं बोलत नाही रे, वही बोलते. आबा ही गोष्ट आजवर हजार जणांना सांगत आले होते, आणि हजारही वेळा त्या चावीवाल्याला हसत आले होते.

परत आले तेव्हा समीक्षा बॅग भरत होती.

"बेटा, थांब जरासा," आबा म्हणाले. "तुना कम्प्युटर बरोबर शे. आम्हीच खोटं बोलनूत."

लिलाबाई आतून म्हणाली, "तुम्ही चूप बसा बरं."

"तीन वरीस चूपच बसेल शे." आणि आबांनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. विहार, खुर्ची, पाऊण तासाचं भाषण. "मीच हात धरीसन बसाडी तिले."

वृषालीच्या हातून पातेल्यावरचं झाकण जरा जोरात बसलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी देवमाणसासारख्या डॉक्टरला तळतळाट दिले."

आबा नातीच्या तोंडाकडे बघत राहिले. रागावेल, रडेल, न बोलता गाडी पकडेल. समीक्षानं बॅगेची चेन पुन्हा उघडली, वही काढली आणि विचारलं, "आबा, कशी बसली? आधी कुठला हात टेकला?"

"म्हणजे?"

"माझ्या कॉम्प्युटरातली आजी तीन वर्षं नुसती उभी आहे आणि चालतेय. ती कधी खाली बसलीच नाही. पुस्तकात बसणं असतं ते खुर्चीवरचं. मीही आजीनं डॉक्टरांचं ऐकलं असं धरून चालले. मलाच कसं सुचलं नाही? आपल्याकडे कोण बसत नाही? दाखवा मला."

आबांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याहून जास्त वाटला तो अभिमान. कारण हे त्यांना कळलं, पुरतं कळलं. सरळ धावणाऱ्या गाडीखाली चावी ढिली होत नाही. जिथं गाडी ब्रेक मारते आणि जिथं पुन्हा उचल घेते, त्या सिग्नलजवळच्या चाव्या रोज ठोकाव्या लागतात. ते त्यांनी नातीला सांगितलं. तिनं मान वर करून पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

मग आबांनी अंगणात बसून दाखवलं. पन्नास वर्षं ज्या बाईला रोज बसताना पाहिलं, तिची नक्कल करायला काय लागतं? आधी उजवा गुडघा जमिनीला, मग डावा हात, आणि धप्.

"मी अशी नही बसत," लिलाबाई दारातून म्हणाली. "म्हैस बसस अशी."

"मंग कशी?"

"मना गुडघा आधी टेकस नही, आधी हात टेकस. अन उठतांना बठ्ठा भार दुखऱ्या पायवर, कारण त्याच अंगले तुम्हना हात व्हता."

समीक्षाची पेन्सिल थांबली. "पुन्हा सांग आजी, शेवटचं." आजीनं पुन्हा सांगितलं, आता जरा ऐटीतच.

पण नुसत्या सांगण्यावर कॉम्प्युटर चालत नाही, त्याला आकडे लागतात. लिलाबाईच्या खुब्यात आता लोखंड, तिला बसवायचं नाही. म्हणून मंगळवारी आबा जळगावला गेले. फिजिओथेरपीच्या कॉलेजात जमिनीत बसवलेली एक पाटी आहे, पाय किती आणि कोणीकडे रेटतो ते ती मोजते. आबांना तिथल्या एका पोराची अर्धी चड्डी घातली, गुडघ्यांना, कमरेला चकाकणारे गोल चिकटवले, चारी बाजूंनी कॅमेरे लावले. आणि सांगितलं, आजी बसते तसे बसा, उठते तसे उठा. पुन्हा. पुन्हा.

चौथीत असताना आबांनी गुरुजींच्या सायकलची हवा सोडली होती, त्याबद्दल पन्नास उठाबशा काढल्या होत्या. त्यानंतर चौऱ्याहत्तराव्या वर्षी ह्या. सदतिसाव्या वेळी ते म्हणाले, "बेटा, गुन्हा कबूल करेल शे ना मी?" तिथली सगळी पोरं हसली. समीक्षा हसली नाही. ती आकड्यांकडे बघत होती. म्हणाली, "आबा, अजून तीन. शेवटच्या तिन्हींत हात टेकायला विसरलात."

चाळीस झाल्या. दोन दिवस आबांना पायखान्यात जाताना भिंत धरावी लागली, हे त्यांनी आजवर फक्त एसटीतल्या लोकांनाच सांगितलं आहे.

शनिवारी सकाळी दहा वाजता फोन आला. "आबा, आजीला बसवलं आणि उठवलं. मागचा स्क्रू लाल झाला. गोळा मागे कलला, एक्स-रेत कललाय त्याच बाजूला. किती ते अजून नेमकं नाही जमलं, पण कुठे आणि कुणीकडे, ते तंतोतंत."

"अन दुसऱ्या दोन तऱ्हा?"

"तिरपा स्क्रू टेकून राहिला, पिवळ्यापर्यंत गेला पण हलला नाही. पट्टीनं धरलं, पण गोळा थोडा फिरला. हे ह्या एका हाडाचं, ह्या मोडीचं. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही."

हे शेवटचं वाक्य आबांना सर्वांत जास्त आवडलं. ते फोन ठेवून लिलाबाईला म्हणाले, "पाह्य आकाशनी माय, जेवढं ठोकी पाहं तेवढंच बोलनी." जेवढं ठोकून पाहिलं तेवढंच बोलली.

धुळ्याला आबा कोटाची घडी मोडून गेले. मोठा हॉल, दोनशे डॉक्टर, सगळे खुर्चीवर. समीक्षा पुढे उभी राहिली तेव्हा तिचा आवाज पहिली दोन मिनिटं बारीक होता, पण पडद्यावर हाड आल्याबरोबर मोकळा झाला. तिनं आपली चूक आधी सांगितली: मी पेशंटला फक्त चालवलं होतं, बसवलं नव्हतं. मग आजोबांनी काढलेल्या चाळीस उठाबशांच्या आकड्यांवर बसवून दाखवलं. डावीकडे एक्स-रे, उजवीकडे कॉम्प्युटरचं हाड, दोन्हींत गोळा एकाच अंगाला कललेला.

एक डॉक्टर उठले. "आम्ही पेशंटला स्पष्ट सांगतो, खाली बसू नका. जो ऐकत नाही त्याच्यासाठी स्क्रूची तऱ्हा बदलायची का?"

"सर, तुम्ही सांगता," समीक्षा म्हणाली. "पण आपल्या भागात खाली बसणं ही सवय नाही, मान आहे. माझ्या पेशंटनं मानासाठी बसणं पत्करलं. किती जण बसतात ते मला माहीत नाही, ते तुम्हीच मोजू शकता. बसलं तर हाडात काय होतं, तेवढं मी सांगू शकते."

पुढच्या रांगेतल्या एक डॉक्टरीण बाई मागे वळून म्हणाल्या, "माझे तर निम्मे बसतात, आणि विचारलं की नाही म्हणतात." हॉल हसला.

मग उजव्या कोपऱ्यातून एक जण उठले. आबांनी ओळखलं. जळगावचे डॉक्टर. लिलाबाईचे.

"हा एक्स-रे मी ओळखतो," ते म्हणाले. "पेशंट माझा आहे. ह्या एक्स-रेकडे मी तीन वर्षं बघतोय, माझं कुठे चुकलं म्हणून." मग म्हणाले, "मुली, चांगलं काम केलंस. स्क्रू घालण्याआधीचे अजून अकरा स्कॅन माझ्याकडे आहेत. पेशंटना विचारून देतो. त्यांच्यावर करून बघ."

महाजन सर मागे बसले होते. त्यांनी समीक्षाकडे बघून मान हलवली, एकदाच. आबांना तेवढं पुरलं.

चहाच्या वेळी आबा कप न घेता डॉक्टरांसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हात तुमचा चुकला नव्हता. बसवणारा हात माझा होता. गावात तीन वर्षं तुमचं नाव खराब झालं ते आमच्यामुळे. उद्या पारावर जाऊन मीच सांगणार आहे."

डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवलं. "त्या चाळीस उठाबशा तुमच्याच ना? मग फिटलं. आणि आबा, दोष एकट्याचा नाही. बसू नका एवढंच मी सांगितलं. बसायची वेळ आलीच तर काय, ते विचारायला तुम्ही घाबरलात, कारण मी दरडावून सांगितलं होतं."

बाहेर येऊन आबांनी घरी फोन लावला. लिलाबाईनं पहिल्याच रिंगला उचलला.

"काय व्हयनं?"

"पास. सर मान हालावनात. तुना डाक्टर अजून अकरा हाडं देवाव शे तिले. आपली चोरी, आकाशनी माय, भिंतएवढी करीसन रंगीत दाखाडी, अन दोनशे डाक्टरस्नी टाळ्या वाजाड्यात."

पलीकडून आधी हसू आलं. मग, "मनं नाव सांगं का तिनी?"

"नाव सांगतस नही तठे. सत्तर वर्षांची स्त्री, असं लिखेल व्हतं."

"सत्तर?" लिलाबाई म्हणाली. "तवय मी अडुसठनी व्हतू. दे तिले फोन."